आईच्या नावावर गेलेली गाणी

टीव्हीवर मुनग्यू बोलत होता आणि ओकबुनच्या हातातली सुरी बांगड्याच्या पोटात अर्ध्यावरच थांबली होती.

मासळी बाजारातल्या झाडून साऱ्या बायका तिच्या गाळ्यापुढे गोळा झाल्या होत्या. कुणी गिऱ्हाईक तसंच सोडून आली होती, कुणाच्या रबरी हातमोज्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. ओकबुनचा धाकटा भाऊ टीव्हीवर दिसणं यात नवं काही नव्हतं. वीस वर्षं ‘लाल नांगर’ नावाच्या रॉक बॅंडचा तो गायक होता, आणि त्याचा आरडाओरडा सुरू झाला की याच बायका हसत कानात बोटं घालत. पण आज तो एकटाच होता. मागे ड्रम नव्हते, दिव्यांचा लखलखाट नव्हता. मांडीवर एक साधं लाकडी गिटार, आणि इतका हळू आवाज, की बायकांनी बर्फ फोडणंसुद्धा थांबवलं होतं.

“ही गाणी माझी नाहीत,” मुनग्यू सांगत होता, “माझ्या आईची आहेत. मी दोन वर्षांचा असताना ती गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, पण आवाज आठवतो. पाठीशी बांधून ती मला गाऊन दाखवायची. डॉक्टर म्हणतात, एवढ्या लहानपणचं कुणाला आठवत नाही. मला आठवतं. वीस वर्षं मी स्टेजवर ओरडलो, पण आत तो आवाज चालूच होता. बॅंड सोडला तो त्याच्यासाठीच.”

“तुम्हाला मोठ्या बहिणीनं वाढवलं म्हणे,” मुलाखत घेणारी म्हणाली. “त्यासुद्धा गातात का?”

“नूना?” मुनग्यू मोठ्यानं हसला. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला मारतो तीच ही हाक, पण त्याच्या तोंडी ती नेहमीच लाडाची वाटे. “नूनानं बाजारात हाक मारली की धक्क्यावरचे बगळे उडून जातात. ओरडायला मी तिच्याकडूनच शिकलो. रॉकमधली माझी गुरू तीच.”

बायका खो खो हसल्या. ओकबुनही हसली. मग तिची सुरी पुन्हा चालू लागली, आणि पुढचे सात बांगडे तिनं मान वर न करता साफ केले.

आई गेली तेव्हा ओकबुन तेरा वर्षांची होती. वडील नावेवर जायचे ते पंधरा-पंधरा दिवस परतायचे नाहीत. दोन वर्षांचं ते पोर दुपट्यानं पाठीशी घट्ट बांधून ती शेगडी पेटवायची, कपडे धुवायची, शेजारणींची जाळी निवडायची. मुनग्यू चार वर्षांचा झाला त्या साली बंदरावर बर्फाचा कारखाना सुरू झाला. रोज संध्याकाळी, नावा परतायच्या वेळी, त्याचा भोंगा वाजायचा, आणि त्या आवाजानं मुनग्यू असा भेदरून रडायचा की त्याला उचकी लागायची. त्याची भीती जावी म्हणून ओकबुननं एक गाणं रचलं. “भोंगा वाजेल, बर्फ फुटेल, नावा येतील घरी... रडू नको रे, नूना आहे दारी.” पोर शांत झालं. मग तिनं दुसरं रचलं, तिसरं रचलं. पुढे तो भोंग्याला सरावला, आणि कामाच्या रगाड्यात तिचं गाणंही मागे पडलं. शाळेतल्या गाण्याच्या बाई तिला जिंजू शहरातल्या मोठ्या शाळेत पाठवायला तयार होत्या, इतका तिचा गळा गोड होता. पण पाठीवर भाऊ बांधलेली मुलगी जिंजूला कशी जाणार?

मुनग्यू सात वर्षांचा असताना एक दिवस शर्ट फाडून घेऊन शाळेतून आला. बिनआईचा म्हणून पोरांनी त्याला चिडवलं होतं. तो रडत नव्हता. रात्रंदिवस बडबडणारं ते पोर नुसतं भिंतीकडे बघत होतं, आणि त्या बघण्यानं ओकबुनच्या काळजाचं पाणी झालं.

“नूना,” त्यानं विचारलं, “मला कुणीतरी गाऊन दाखवायचं. भोंग्याचं. ती आई होती?”

एका क्षणाचा प्रश्न होता. ओकबुननं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं... आणि म्हणाली, “हो. आईच होती.”

त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेनं शाळेत गेला. आणि त्या दिवसापासून ओकबुन त्याच्या देखत पुन्हा कधीही गायली नाही.

पुढे वडील समुद्रातच राहिले, परत आलेच नाहीत, आणि तिनं बाजारात गाळा घेतला. धक्क्यावरच्या एका इंजिन-मिस्त्रीनं तिला मागणी घातली होती, पण भावाला काकाकडे ठेवायचं म्हणाला, तेव्हा तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. मुनग्यूला गिटार हवं झालं, मग सोलला जायचं झालं. तो जायच्या आदल्या हिवाळ्यात तिला असा खोकला झाला की डॉक्टरांनी दोन महिने तोंड उघडू नकोस म्हणून बजावलं. पण त्याच्या सोलच्या खर्चासाठी तिसऱ्याच दिवशी ती गाळ्यावर उभी होती, आणि समुद्रावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात ओरडून बांगडे विकत होती. वसंतात खोकला गेला. त्याच्याबरोबर गळाही गेला. राहिला तो घोगरा, फाटका आवाज, बगळे उडवणारा.

चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला मुनग्यू घरी आला. सकाळी पूर्वजांसाठी ताट मांडलं होतं. नवे तांदूळ, पेअर, सुकवलेला मासा, ओकबुननं आदल्या दिवशी तांदळाच्या पिठाचे वळलेले सोंगफ्योन. आईच्या फोटोपुढे मुनग्यूनं नवी रेकॉर्ड ठेवली. ‘आईची गाणी’ असं तिच्यावर छापलं होतं. कपाळ जमिनीला टेकवून तो कितीतरी वेळ तसाच राहिला.

“आई,” तो हळूच म्हणाला, “तुझं तुला परत आणलं बघ.”

ओकबुन मागे सुपाचा वाडगा घेऊन उभी होती. वाडगा पोळत होता, पण खाली ठेवायचं तिला सुचेना. सांगावं का? आता तर तो सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या आहे. पण वाकलेल्या त्या पाठीत तिला शर्ट फाडून आलेलं पोरच दिसलं, आणि ओठांवर आलेलं तिनं मुकाट्यानं गिळलं.

“सूप निवतंय,” ती म्हणाली. “आईला आधी वाढ.”

दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात त्याचा कार्यक्रम होता. सारं गाव आलं होतं. ओकबुन शेवटच्या रांगेत बसली. मुनग्यूनं भोंग्याचं गाणं सुरू केलं. ‘बर्फ फुटेल’च्या पुढे ती श्वास घ्यायला थांबायची, तिथेच तो थांबत होता. ‘घरी’वर तिचा सूर किंचित कापायचा, तसाच त्याचा कापत होता. हरवलेला स्वतःचा गळा कुणी ओंजळीत आणून समोर धरावा, तसं तिला झालं... आणि शेवटी त्यानं गायलं, “रडू नको रे, आई आहे दारी.” पंचेचाळीस वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं ते पाणी तिच्या डोळ्यांतून ओघळलं. शेजारच्या बाईला वाटलं, ओकबुनला आईची आठवण आली.

कार्यक्रमानंतर लोकांच्या गराड्यातून वाट काढत गोसोंगकरीण आली. गोसोंग गावाहून लग्न होऊन आलेली, ओकबुनच्या घराला लागून राहणारी ही म्हातारी नव्वदीला टेकली होती. तिनं मुनग्यूची बाही पकडली.

“चांगलं गातोस रे. बॅंडमधलं ते केकाटणं सोडलंस ते बरं केलंस. पण हे आईचं गाणं म्हणून काय सांगत होतास?”

“आईचंच आहे, आजी.”

“अरे, तुझी आई कुठली गायला? तिला एक सूर लागत नव्हता. बर्फाचा कारखाना निघाला तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ही गायची. ही, ओकबुन. भिंतीपलीकडून मी रोज ऐकायचे. माझी धाकटी पोरंसुद्धा तिच्याच गाण्यावर झोपायची.”

मुनग्यू हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. “नूना?”

“म्हातारपण आलंय त्यांना,” ओकबुन घाईघाईनं म्हणाली. “काल काय जेवल्या ते आठवत नाही.”

“मी काल बटाटे जेवले,” गोसोंगकरीण म्हणाली.

मुनग्यूनं बहिणीला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. “माझ्याकडे बघून सांग. कारखाना कधी सुरू झाला?”

तिला बघवेना. “तू चार वर्षांचा होतास.”

मुनग्यूचा आवाज थंड झाला. “म्हणजे माझ्याकडे आईचं काहीच नाही. एक फोटो. बस.”

“मुनग्यू...”

“मी साऱ्या देशाला सांगत सुटलो, आणि तू मासे कापत बघत बसलीस. माझी आई मला खोटी दिलीस तू. कुणी सांगितलं होतं तुला?”

“तू सात वर्षांचा होतास रे,” ती म्हणाली.

तो तसाच सोलला निघून गेला. वाटेत खायला म्हणून तिनं बांधून ठेवलेले सोंगफ्योन घरी कपाटावरच राहिले.

मग फोन आला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. बाजारात कुणी विचारलं तर ओकबुन म्हणे, “कामात असेल.” रेडिओवर कुणीतरी सांगितलं की त्याचे पुढचे कार्यक्रम लांबणीवर पडले आहेत, त्या दिवशी तिनं गाळा लवकर बंद केला. घरी येऊन ती आईच्या फोटोपुढे बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण भावाला आई दिली. आता कळलं की आपण स्वतःलाच आईच्या थडग्यात पुरून ठेवलं होतं, आणि त्या खटाटोपात खरी आईसुद्धा खाली दडपली गेली. कारण खऱ्या आईबद्दल ती त्याच्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती. बोलली असती, तर गाणाऱ्या आईला तडा गेला असता. प्रेमापोटी केलेली चूक म्हणून ती लहान होत नाही, हे तिला त्या रिकाम्या घरात पुरतं उमगलं.

नोव्हेंबर संपत आला. हिवाळ्यासाठी किमची घालायचे दिवस. एका दुपारी ओकबुन अंगणात मिठात मुरलेल्या कोबीच्या पानापानांत लाल मसाला भरत होती, तेव्हा फाटक वाजलं. मुनग्यू होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो पायरीवरचे हातमोजे चढवून तिच्यासमोर उकिडवा बसला आणि एक कोबी ओढून घेतला.

“मसाला कमी लाव,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “आतल्या पानांना जास्त लागतो.”

“हं.”

चार कोबी झाले.

“टीव्हीवर मी तुला बगळे उडवणारी म्हणालो,” तो मान न उचलता म्हणाला.

“उडतातच की. तू काय खोटं बोललास?”

“नूना, घसा कधी गेला तुझा?”

“झाली असतील पंचवीस-तीस वर्षं. कशाला हवंय ते?”

“मी सोलला जायच्या आदल्या हिवाळ्यात गेला. डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं होतं, आणि तू तिसऱ्या दिवशी गाळ्यावर उभी राहिलीस. मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलंस. जिंजूची शाळाही सोडलीस.”

ओकबुननं मान वर केली. “तुला कुणी सांगितलं?”

“गोसोंगची आजी. रोज फोन करत होतो तिला. चाळीस दिवस. ती बोलता बोलता झोपायची, मग दुसऱ्या दिवशी पुढचं सांगायची. भिंतीपलीकडच्या बाईला सगळं ठाऊक होतं. मला एकट्याला काही माहीत नव्हतं. आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही कधी. तुझ्याच पाठीवर वाढलो, आणि एकदासुद्धा विचारलं नाही.”

त्यानं हाताची पाठ डोळ्यांकडे नेली.

“हातमोज्याला तिखट आहे,” ती म्हणाली. “डोळ्याला लावू नकोस.”

तिनं आपला हातमोजा काढला आणि बाहीनं त्याचे डोळे पुसले. त्यानंही पुसू दिले.

“रेकॉर्ड पुन्हा छापतोय मी,” तो म्हणाला. “नाव बदलून. तुझं नाव घालून.”

“नको. दिलेलं मी परत घेत नाही. गाणी तुझी आहेत.”

“माझी आहेत ना? मग नाव काय ठेवायचं ते मी ठरवीन.”

ती पुन्हा पानांत मसाला भरू लागली. मग तो म्हणाला, “एकदा म्हणशील? भोंग्याचं. कसंही म्हण.”

तिनं घसा साफ केला. पहिली ओळ कशीबशी आली, दुसरीच्या मध्यावर सूर असा फाटला की दोघांनाही तो ऐकवेना. ती थांबली. “नाही रे. गेलं ते.”

मुनग्यूनं मान हलवली. तो आवाज आता मुनग्यूच्या गळ्याशिवाय जगात कुठेही उरला नव्हता, आणि ज्याच्यासाठी तिनं तो गमावला, तोही मुनग्यूच होता.

“नूना... मग आई कशी होती?”

ओकबुन चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिली. पंचेचाळीस वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

“भांडखोर होती,” ती म्हणाली. “लिलावात बाबांना फसवणाऱ्या एका दलालाला तिनं ओल्या वाम माशानं झोडपलं होतं. अख्खा धक्का बघत होता.”

मुनग्यूला हसू फुटलं. रडता रडता आलेलं ते हसू आवरेना. “आणखी?”

“गाता यायचं नाही, पण शिट्टी वाजवायची. बाईनं शिट्टी वाजवू नये म्हणून बाबांची आई चिडायची, मग ती मुद्दाम न्हाणीत जाऊन वाजवायची. पोहायची माशासारखी. चिडली की तीन दिवस बोलायची नाही, आणि तिसऱ्या दिवशी बाबांच्या ताटात जास्तीचा मासा दिसला की समजायचं, राग गेला.”

“आणि मी झालो तेव्हा?”

“तेव्हा तिनं तुला नीट न्याहाळून पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं बाई, केवढं तोंड आहे याचं. हा ओरडणार.’”

तो हसला नाही. त्यानं हे शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले.

“हे आधी का नाही सांगितलंस गं?”

ओकबुननं पुढचा कोबी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि आई बोलायची कशी, चालायची कशी, शेवटच्या आजारातही शेजारणीशी भांडण कशी काढायची, ते आठवून आठवून सांगू लागली. मधूनच तिचा आवाज बसे. तेव्हा मुनग्यू हातातलं काम थांबवून वाट बघे.