बगळीची त्रिपुरवात

“सूनबाई, बगळीला आधी आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं, मगच शीड चढवायचं. विसराल तर ती स्वतः आठवण करून देईल.”

माझे सासरे बापूजी हे दर कार्तिकात सांगायचे. धरणाच्या कामावर ते इंजिनिअर होते. पैनगंगेचं पाणी अडलं आणि वडधरी गाव बुडालं. गावामागची टेकडी तेवढी बेट होऊन वर राहिली, आणि टेकडीवर देवी टेकडाई एकटी उरली. गाव उठताना बापूजींनी लोकांना शब्द दिला होता, की दर त्रिपुरी पौर्णिमेला देवीपुढे दिवा लागेल. त्यासाठीच त्यांनी ही लाकडी नाव करवून घेतली. पांढऱ्या शिडाची, म्हणून बगळी.

श्रावणात बापूजी गेले. शेवटी माझ्याकडे पाहून एकच शब्द बोलले, “दिवा.” मी मान हलवली होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माझे दीर नंदकिशोर आणि मी जलाशयाच्या काठी पोचलो. बगळी वर्षभर शेडमध्ये पालथी पडलेली. लाकूड इतकं आटलं होतं की फळ्यांच्या सांध्यांतून उजेड दिसत होता.

“बुडवून ठेवायला आठवडा कुठून आणू, वहिनी? शाळेतून तीनच दिवसांची सुटी मिळाली,” नंदकिशोर म्हणाले. “फटी भरू आणि निघू.”

वडधरीची मैनाबाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन आली होती. गाव उठल्यापासून पाण्याच्या भीतीनं तिनं देवी पाहिली नव्हती. यंदा मात्र ती नावेत बसणार होती.

“बापूजी होते तवा मले घोर नव्हता,” ती म्हणाली. “आता मी नाई गेली तं आईले कोन वळखीचं दिसन?”

जवसाच्या तेलात राळ उकळत ठेवली. नंदकिशोर जुनी राळ खरवडत होते, मी कापसाचे पेळू वळत होते आणि मैनाबाई बोथट छिन्नीनं ते सांध्यांत ठोकत होती.

“थोडा कमी भरा, मैनाबाई,” मी म्हटलं.

“कायले कमी? गेल्या सालचा कापूस घरात पडून हाय, उंदरं पोसून राह्यलो आमी त्याच्यावर. खरेदीवाले फिरकले नाई. दे, बाई, गादी भरतो तसा ठासून भरतो.”

नंदकिशोर हसले. “भरू द्या, वहिनी. कापसाला यंदा विचारणारी बगळीच एक.”

संध्याकाळपर्यंत एकही फट उरली नाही. वरून राळ ओतली. बगळी नव्यासारखी दिसू लागली.

पौर्णिमेला सूर्योदयापासून दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं. लग्नाआधीपासूनचा नेम. सकाळी मैनाबाईच्या घरी स्नान केलं, तुळशीला पाणी घातलं आणि त्रिपुरवात पदरात बांधली. शेकडो पदरांची ही जाड वात मी चातुर्मासभर रोज थोडी थोडी वळली होती. तुपात भिजवून ती केळीच्या पानात गुंडाळली होती.

नाव पाण्यात ढकलली. आत थेंबही आला नाही!

“पाहा,” नंदकिशोर मला म्हणाले. “बापूजी उगाच आठ दिवस घालवायचे.”

शीड फुगलं आणि काठ मागे पडला. दोन्ही बाजूंना सागाच्या टेकड्या होत्या. बुडालेल्या रानातल्या झाडांचे वाळके शेंडे पाण्याबाहेर उभे होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. मैनाबाई एका हातानं नावेचा काठ घट्ट धरून खाली बोट दाखवत होती. इथं विहीर होती, इथं तिच्या माहेरचं अंगण. नंदकिशोर त्या शेंड्यांमधून नाव सांभाळून काढत होते. दुपार कलली तेव्हा टेकडाईचा भगवा झेंडा दिसू लागला.

तेवढ्यात माझ्या पायाखाली आवाज झाला. टक्.

मी खाली पाहिलं. पुन्हा, टक्. मी नंदकिशोरांकडे वळून बोटानं दाखवलं.

“हो, झेंडा. दिसला मलाही,” ते म्हणाले.

मी मान जोरात हलवली, तळाकडे बोट केलं. त्याच क्षणी डाव्या बाजूच्या फळीचा गंजका खिळा सुटून उडाला! लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. ठासून भरलेल्या कापसानं त्याला जागाच ठेवली नव्हती. फळी बोटभर वर उचलली गेली. कापूस पिळल्यासारखा बाहेर आला आणि पाणी आत घुसलं.

मैनाबाईनं पूजेचा तांब्या उचलला. मी नैवेद्याचा डबा रिकामा केला. उपसलं, फेकलं, पुन्हा उपसलं. पाणी घोट्यावर आलं. वारा फिरला, टेकडीवरून उजव्या अंगानं झोत आला आणि बगळी डावीकडे कलली. पाणी पोटरीपर्यंत चढलं!

“काहीतरी कोंबा त्यात,” नंदकिशोर ओरडले.

मी पदराचं टोक कोंबलं. पाण्यानं ते परत ढकललं. मैनाबाईनं गाठोड्याची चिंधी कोंबली, तीही आली. घट्ट, जाड, पाणी न पिणारं असं नावेत एकच होतं. मी पदराची गाठ सोडली. तुपात भिजलेली ती वात फटीत सरकवली आणि अंगठ्यांनी दाबत गेले.

“बाई,” मैनाबाई हळू आवाजात म्हणाली, “आईची वात हाय ना ते?”

पाणी थांबलं. पाझर होता, पण धार थांबली.

टेकडी आता हाकेच्या अंतरावर होती. नंदकिशोरांनी सुकाणू तिकडेच धरलं. “एवढ्या जवळ येऊन परत? बापूजींची एकही पौर्णिमा चुकली नाही, वहिनी.”

बगळी पुन्हा डावीकडे कलली. अंगठ्यांखाली वात हलली. या वाऱ्यात टेकडी गाठायची तर नाव अशीच कललेली राहणार आणि सुटलेली फळी पाण्याखाली जाणार. परत फिरलो तर वारा डाव्या अंगाला येईल, नाव उजवीकडे कलेल, फळी वर उचलली जाईल. मी देवळाकडे पाहिलं. मग मैनाबाईकडे. तिचे ओठ पुटपुटत होते आणि तांब्या थांबला नव्हता.

“भाऊजी,” मी म्हटलं, “वळवा.”

नंदकिशोरांनी चमकून पाहिलं. त्यांना माझा नेम ठाऊक होता. त्यांनी सुकाणू लोटलं. शीड फडफडून दुसऱ्या बाजूला गेलं आणि फळी पाण्याबाहेर आली.

मैनाबाईनं मागं वळून हात जोडले. “उभीच हाय ते,” ती म्हणाली. “कुठी जाऊन राह्यली?”

अंधार पडता पडता बगळी काठाच्या चिखलात रुतली. त्या रात्री दिवा लागला नाही. मी जेवले नाही, मैनाबाईही नाही.

सकाळी नंदकिशोरांनी सगळा कापूस उपसून काढला, नवे खिळे मारले, सांध्यांत पातळ पेळू बसवून राळ भरली. मग आम्ही तिघांनी बगळीत दगड भरले आणि तिला उथळ पाण्यात बुडवलं. नंदकिशोर शाळेसाठी पुसदला परतले. मी मैनाबाईच्या घरी राहिले आणि तिच्याच कापसाची नवी वात वळायला बसले.

कार्तिक अजून सरला नव्हता. अमावास्येच्या पहाटेआधी नंदकिशोर मोटारसायकलवर परत आले. “सुटी?” मी विचारलं. “घेतली,” म्हणाले. आम्ही दगड काढले, पाणी उपसलं. मी सांध्यांवरून हात फिरवला. लाकूड लाकडाला भिडलं होतं.

मैनाबाई आधीच जाऊन नावेत बसली होती, तांब्या मांडीवर धरून. पूर्वेला तांबडं फुटलं आणि माझं बोलणं थांबलं. मी वात पदरात बांधली आणि बगळी पाण्यात ढकलली.