ऑर्व्हिलच्या खोक्यातल्या वड्या

रविवारी सकाळी पावणेआठला मार्व्हा किसिंगरचा फोन खणखणला.

"टॅनर्स रनच्या टेकडीवर ठासणीची बंदूक फुटलीय," शेरिफच्या कचेरीतला माणूस म्हणाला. "ऑर्व्हिल स्टॅम्बॉ गेला."

"कोण?" ऐकू आलं होतं, तरी मार्व्हाने पुन्हा विचारलं.

ऑर्व्हिलने तीस वर्षं चर्चच्या तळघरात बंदूक सुरक्षितपणे वापरायचा वर्ग घेतला होता. अर्ध्या खोऱ्याने नळीचं तोंड कुठे धरायचं ते त्याच्याकडून शिकलं होतं. आणि कालच सकाळी त्याने मार्व्हाला फोन केला होता. "सोमवारी ये. भिंतीवरच्या एका शिंगाबद्दल बोलायचंय. फोनवर नको," एवढंच म्हणाला होता.

मार्व्हा आमच्या तालुक्याची शिकारखात्याची अधिकारी. ओहायोच्या या भागात शिकारखात्याच्या माणसाला कोणी 'बस' म्हणत नाही. मार्व्हालाही बसायची हौस नव्हती.

टेकडीवर शनिवारी पडलेल्या बर्फात पंधरा-वीस जण आधीच जमले होते. चादरीखाली ऑर्व्हिल होता. बंदूक दहा पावलांवर पडली होती, नळी मागच्या बाजूला मक्याच्या कणसासारखी सोलून निघालेली. मार्व्हाने नळीच्या फुटक्या तुकड्यात बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं, नाकाशी नेलं. मग सवयीने पँटला पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"दोन भार!" थर्मन पेटिट ओरडला. "एकावर एक दोन भार भरले त्या पोरीने! दुसरं काय असणार?"

थर्मन सत्तरीचा, खोऱ्यातल्या चकमकवाल्यांचा म्होरक्या. त्याच्या बंदुकीला बार पेटवायची टोपीसुद्धा लागायची नाही, गारगोटीची ठिणगी आणि सुटी दारू. दारू ठेवायला आजोबांचं गाईचं शिंग गळ्यात. ते तो कोणाला हातात देत नसे, आणि दुसऱ्याची दारू आपल्या बंदुकीत कधी घालत नसे. ऑर्व्हिलच्या वर्गाला तो 'बालवाडी' म्हणायचा. दारूच्या दाबून केलेल्या तयार वड्यांच्या बंदुकीला म्हणायचा 'आळश्याची कॉफी'.

"तू होतास कुठे?" मार्व्हाने विचारलं.

"समोरच्या कड्यावर. आवाज आला, वळून बघतो तर पांढऱ्या धुराचा हा एवढा लोट! एका भाराचा एवढा धूर निघत नाही, बाई. मी पन्नास वर्षं धूर बघतोय."

"कोणती पोरगी म्हणालास?"

गर्दीने एकदम मान वळवली. पिकअपच्या पायरीवर ऑर्व्हिलची मुलगी लेनोरा बसली होती. तिशीची, बापाचाच कोट अंगावर. तिच्या शेजारी कोणी उभं नव्हतं.

"बाबांची बोटं वाकली होती," ती म्हणाली. "संधिवात. दोन वर्षं बंदूक मीच भरते."

"आणि भरली!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "चांगली भरली."

"तोंड सांभाळ," मार्व्हा म्हणाली.

"आम्हाला काय दटावतेस? बेड्या तिला घाल!"

मार्व्हाने वहीत काहीतरी लिहिलं आणि लेनोराला गाडीत बसवलं. मागून कोणीतरी थुंकलं. नक्की कोणासाठी, ते समजलं नाही. दोघींसाठीच असावं.

*

स्टॅम्बॉंच्या घरामागे गार पडवी होती. भिंतीला खुंट्या, फळीवर वड्यांचं खोकं. स्वयंपाकघराच्या दारावर ऑर्व्हिलच्या अक्षरात पाटी: 'दारू घेऊन शेगडीजवळ येणाऱ्याला जेवण नाही.' हा नियम एकट्या ऑर्व्हिलचा नव्हता, साऱ्या खोऱ्याचा होता. खिशात दारू घेऊन कोणी शेगडीपाशी बसला तर आमच्याकडे त्याला वेड्यात काढतात.

"शुक्रवारी संध्याकाळपासून सांग," मार्व्हा म्हणाली. "काही गाळू नकोस."

"नवं खोकं फोडलं. दोन वड्या नळीत. काळं बूड मागे, टोपीच्या बाजूला. त्या काळ्या बुडाला ठिणगी लवकर लागते. वर गोळी. गजाने अलगद दाबली, वडी चुरडू नये म्हणून. पण गोळी वडीला टेकलीच पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये. चार वड्या बाबांच्या पिशवीत."

पिशवी मार्व्हाने टेकडीवरच उघडली होती. चार वड्या तशाच होत्या.

"शनिवारी?"

"बाबा रिकाम्या हाताने परतले. टोपी काढली आणि बंदूक या खुंटीला टांगली."

"भरलेली?"

"टोपी काढली की कायद्याने ती रिकामीच. आणि गारठलेली बंदूक उबेत आणली की दारूला ओल धरते. तुला माहीत नाही होय?"

"मला माहीत आहे. तुझ्या तोंडून हवंय. नंतर तू तिला हात लावलास?"

लेनोराने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं.

"नाही. म्हणजे... सकाळपर्यंत मी शपथ घेतली असती. आता सगळे म्हणताहेत तर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. मार्व्हा, मीच मारलं का गं बाबांना?"

मार्व्हाला धीर देता येत नसे. तिने पुढचा प्रश्न विचारला.

"शनिवारी इथे कोण आलं होतं?"

"थर्मनकाका. संध्याकाळी, घेवड्याचं सूप आणि मक्याची पोळी खायला. नेहमीसारखं शिंग बाहेरच्या खुंटीला टांगलं आणि आत आले. मध्ये एकदा पाइप ओढायला पडवीत गेले."

"किती वेळ?"

"पाइप संपेपर्यंत. मग आत येऊन शेगडीपुढे बसले, पाय शेकत."

"रविवारी सकाळी बाबांनी बंदूक तपासली?"

"रोज तपासायचे. गजावर मी माझ्या नेलपॉलिशने दोन लाल कडी रंगवलीत. एक रिकाम्या नळीचं, एक भरलेल्या नळीचं. बाबांनी गज आत सोडला आणि भरलेल्या नळीच्या कड्यावर अंगठा ठेवून मला दाखवलं. कडं नळीच्या तोंडाशी बरोबर होतं."

"दोन भार असते तर?"

"गज वितीएवढा वर राहिला असता. आंधळ्यालाही कळलं असतं." मग ती हळूच म्हणाली, "पण हे फक्त मीच पाहिलं ना. कोण ऐकणार माझं?"

मार्व्हाने फळीवरचं खोकं उघडलं आणि एकेक वडी मोजली. मग पुन्हा मोजली. वड्या उभ्या रांगेत होत्या, काळं बूड खाली, फिकं तोंड वर. शेवटच्या रांगेत दोन वड्या काळं बूड वर करून उभ्या होत्या.

"ही अशी तू ठेवलीस?"

"मी?" एवढ्या दुःखातही लेनोरा चिडली. "सात वर्षांची असल्यापासून मला हेच शिकवलंय! बाबांनी कानफटात दिली असती."

मार्व्हाने खोक्याचे फोटो काढले आणि खोकं पिशवीत घालून सील केलं. नंतर ती ऑर्व्हिलच्या कामाच्या खोलीत गेली. ऑर्व्हिल हौसेने हरणांची मुंडकी पेंढा भरून द्यायचा. मेजावर एक काडेपेटी होती, आत तांब्याची वाकडी कपची, वर चिठ्ठी: 'बारा टोकं. मानेतून.'

*

रस्त्यापलीकडच्या यूनिस रूडबाई ऐंशीच्या. रविवारी सकाळी त्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या; टेकडी तिथून समोर दिसते.

"आवाज ऐकलात?"

"बहिरी नाहीये मी. मान वर केली तेव्हा ऑर्व्हिल पडत होता."

"धूर किती होता?"

"धूर कुठला? आभाळ धुतल्यासारखं होतं." म्हातारीने डोळे बारीक केले. "माझा नवरा चाळीस वर्षं ठासणीची बंदूक उडवायचा. पडदे काळे करून सोडायचा मेला. धूर मला शिकवू नकोस."

*

बुधवारी ऑर्व्हिलला पुरलं. चकमकवाल्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे कबरीवर सलामी झाडली. थर्मन गळ्यात आजोबांचं शिंग घालून सर्वांत पुढे होता. पण बंदूक भरताना त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. "तुझी दारू दे जरा." मार्व्हा कुंपणाजवळ उभी होती. तिने तेही वहीत लिहिलं.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम आणि चीज घातलेले बटाटे. ज्या मेजाशी ऑर्व्हिल शिकवायचा त्याच मेजावर ताटं मांडली होती. लेनोरा एका टोकाला एकटी होती. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या.

"हिला इथे यायची लाज कशी नाही वाटली?" थर्मन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मार्व्हा, पगार कशाचा घेतेस? अजून मोकळी कशी ही?"

मार्व्हाने ताट बाजूला सारलं आणि उभी राहिली.

"बरं झालं बोललास. लेनोराने नवं खोकं फोडलं. त्यात वड्या किती असतात?"

"मला काय विचारतेस? मी असला कचरा वापरत नाही."

"पन्नास," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"दोन नळीत, चार पिशवीत. एकदाच भरली असेल तर खोक्यात चव्वेचाळीस राहायला हव्यात. दोनदा भरली असेल तर बेचाळीस. मी दोनदा मोजल्या. सेहेचाळीस आहेत."

तळघरात कुजबुज सुरू झाली.

"म्हणजे बंदूक फुटली तेव्हा तिच्यात एकही वडी नव्हती. लेनोराने भरलेल्या दोन्ही वड्या कोणीतरी काढून खोक्यात परत ठेवल्या. त्या बंदुकीचं मागचं बूच हाताने फिरवलं की निघतं. बूच काढलं, वड्या मागून हातात आल्या. गोळी जागची हलली नाही. वड्यांच्या जागी दुसरं काही ओतलं आणि बूच लावलं. म्हणून सकाळी ऑर्व्हिलच्या गजाचं कडं बरोबर आलं. त्याने सगळं नीट केलं होतं, आणि हिनेही."

लेनोराने मान वर केली.

"दुसरं म्हणजे काय?" चर्चच्या पाद्र्यांनी विचारलं.

"बिनधुराची दारू, आताच्या काडतुसातली. ठासणीच्या नळीला तिचा जोर झेपत नाही. या वर्गातला पहिला धडा तोच होता ना? वड्यांची दारू नळीत काळी खरवड सोडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मी बोट घातलं, ते स्वच्छ निघालं. वास नाही. रूडबाईंना धूर दिसला नाही. धूर दिसला फक्त एकाला. तोही दोन भारांचा."

सगळे थर्मनकडे बघू लागले. त्याने हसण्याचा प्रयत्न केला.

"म्हातारा झालो. नजर कमी झालीय."

"वड्या परत ठेवणाऱ्याने दोन उलट्या ठेवल्या. या खोऱ्यात वडीचं बूड कुठलं हे कोणाला माहीत नाही? जो या तळघरात कधी शिकायला बसला नाही त्याला. आणि वड्या खिशात का घातल्या नाहीत? कारण त्याला शेगडीपुढे जाऊन बसायचं होतं. सत्तर वर्षांचा नियम, थर्मन. माणूस मारायला निघालास तरी तेवढा पाळलास. बाहेर ताजा बर्फ होता, काळ्या बुडाची वडी फेकली तर लांबून दिसली असती. तुझ्या शिंगाच्या तोंडातूनही ती जात नाही."

"शिंगाचं नाव घेऊ नकोस!"

"घेणारच. त्या संध्याकाळी बिनधुराची दारू त्यातच आली होती. आज सलामीला तू दुसऱ्याची दारू मागितलीस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा."

"माझी संपली होती."

"मग हलवून दाखव."

थर्मनने शिंग मुठीत आवळलं. पण त्याआधी ते त्याच्या छातीवर हललं होतं, आणि आतला खळखळाट जवळच्या तीन माणसांनी ऐकला होता.

"भरलेलं आहे की," त्याला सकाळी दारू देणारा माणूस म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "थर्मन, मग माझी कशाला मागितलीस?"

"कारण त्यात त्या बिनधुराच्या दारूचे कण कुठे चिकटून राहिलेत ते त्यालाच माहीत नाही," मार्व्हा म्हणाली. "ऑर्व्हिलच्या बंदुकीत ओतायला चाललं. स्वतःच्या बंदुकीत घालायची छाती झाली नाही. खोटं वाटतंय? थर्मन, बाहेर चल. तुझ्या शिंगातून तुझ्या बंदुकीत भर आणि खांद्याला लावून उडव. मी सर्वांसमोर तुझी माफी मागेन."

थर्मन जागचा हलला नाही. कोणी घास घेत नव्हतं.

"काय केलं होतं ऑर्व्हिलने तुझं?" पाद्र्यांनी विचारलं.

मार्व्हानेच सांगितलं. "दाण्याच्या दुकानाच्या भिंतीवरचं हरणाचं बारा टोकांचं शिंग. याने सांगितलं, चकमकीच्या बंदुकीने मारलं. त्या बंदुकीची गोळी निव्वळ शिशाची. ऑर्व्हिलला मुंडकं भरताना मानेत तांब्याची कपची मिळाली. ती आताच्या रायफलच्या गोळीची, ठासणीच्या हंगामात तिला बंदी आहे. चोरून मारलेलं जनावर. परवाना गेला असता, बंदुका गेल्या असत्या, आणि चकमकवाल्यांत तोंड दाखवायला जागा उरली नसती."

"त्याला म्हटलं होतं, गप्प बस," थर्मन पुटपुटला. "आयुष्यभराची ओळख. पाय धरले मी त्याचे. म्हणाला, सोमवारपर्यंत तूच जाऊन सांग, नाहीतर मी सांगतो. मला वाटलं होतं, फार तर हात जाईल. मरेल असं नव्हतं वाटलं."

शेरिफचा माणूस जिन्यावरून खाली आला. मार्व्हाने थर्मनच्या गळ्यातलं शिंग काढून पिशवीत टाकलं.

लेनोरा उठली. थर्मनपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. सगळ्यांना वाटलं, आता ती मारणार.

"काका," ती म्हणाली, "बाबांना मारलंत ते मारलंत. पण रविवारपासून रोज आमच्या घरी येत होतात. माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला सांगत होतात की माझ्या हातून मेले. आणि मी तुम्हाला कॉफी करून देत होते."

थर्मनने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला जिन्यावरून वर नेलं.

तळघरातली माणसं आपापल्या ताटात बघत होती. मग रूडबाई काठी टेकत उठल्या, ताट घेऊन लेनोराच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि दुसऱ्या बाजूची रिकामी खुर्ची काठीने पुढे ढकलली.

"ये गं, मार्व्हा," त्या म्हणाल्या. "बस."