बहात्तर तासांचं वर्तुळ

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आयली कोस्केला ही गावच्या दवाखान्याच्या बाकावर डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारून बसली होती, आणि शेजारचा माणूसही नेमका तसाच बसला होता. दोघांच्याही हातावर, आतल्या बाजूला, निळ्या पेनाने काढलेलं एकेक वर्तुळ. मधोमध डास चावल्यासारखा बारीक फुगवटा.

"तुमचं जास्त गोल आलंय," तो म्हणाला.

आयलीने वळून पाहिलं. तांबूस दाढी, दाढीत वितळत चाललेला बर्फ, आणि डोळे... डोळ्यांकडे तिने नंतर बघायचं ठरवलं.

"माझा हात स्थिर होता. तुम्ही हलला असाल."

"सुई बघून हललो. बर्निसबाई म्हणाल्या, नर्स व्हायला निघालात आणि सुईला घाबरता?"

म्हणजे हाही कॉलेजवालाच. आयलीला हसू आलं, पण लगेच हिशोबही आठवला. गावच्या कम्युनिटी कॉलेजात एका वर्षाच्या प्रॅक्टिकल नर्सिंगच्या जागा चोवीस, अर्ज शंभराच्या वर, आणि हा त्यातलाच एक. क्षयाच्या चाचणीचा कागद शुक्रवारी दुपारी बारापर्यंत जमा झाला नाही, तर गुण कितीही असोत, अर्ज सरळ पुढच्या वर्षावर.

आयलीची चूक नऊ दिवसांची होती. वृद्धाश्रमात ती चार वर्षं सहायक म्हणून राबत होती. तिथे दरवर्षी ही चाचणी होतेच, म्हणून तिने तोच कागद जोडून दिला. काल कॉलेजातून फोन आला, कागद एक वर्ष नऊ दिवस जुना आहे, चालणार नाही. त्याची चूक तर आणखी सुंदर होती. त्याचे काका गाई पाळायचे. ही तपासणी गुरांचीच असते, यादीत कुणीतरी गमतीने घातली असेल, असं त्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत वाटत होतं.

"ऐका दोघंही," सुई टोचणाऱ्या नर्स बर्निसबाईंनी दारातून दम भरला. "गुरुवारी दहाच्या आधी मी हात बघणार नाही, शुक्रवारी दहाच्या नंतरही नाही. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास. गाठ उठली तर क्षयाची शंका, नाही उठली तर शून्य. एक मिनिट वर गेलं की पुन्हा सुई, पुन्हा पहिल्यापासून. आणि खाजवायचं नाही."

त्याचं नाव ऑरिन. हिवाळाभर तो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ हटवणारा ट्रक चालवायचा. बाहेर पडल्यावर भूक लागल्याचं त्याने जाहीर केलं, आणि समोरच्या दुकानात ते पेस्टी खायला गेले. खिमा-बटाट्याच्या त्या गरमागरम, करंजीसारख्या पेस्टीवर आयलीने केचप ओतल्याबरोबर ऑरिनने काटा खाली ठेवला.

"तुमच्याशी ओळख वाढवावी की नाही, विचारात पडलोय."

"तुम्ही काय घालता?"

"रस्सा. सभ्य माणसं रस्साच घालतात."

"मग राहू दे ओळख," ती म्हणाली, आणि तरीही दोघं तासभर बसून राहिली.

तिने त्याला सगळं सांगितलं. आई म्हणत होती, करायचंच तर दोन वर्षांचं मोठं नर्सिंग कर. पण लेक टिल्डा चार वर्षांची, तिचा बाप दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसलेला. एक वर्ष आयली कशीही निभावून नेईल, दोन नाही. आणि खरं कारण वेगळंच होतं. वृद्धाश्रमात मोठ्या नर्सबाई जास्त वेळ संगणकापुढे दिसायच्या. पण कोणत्या आजोबांना गोळी सफरचंदाच्या गरातून लागते, कोणत्या आजी गोळी गालात लपवून ठेवतात, हे ठाऊक असायचं प्रॅक्टिकल नर्सला. आयलीला ती व्हायचं होतं. आजोबांना शेवटची दोन वर्षं घरीच सांभाळल्यावर ऑरिनलाही तेच व्हावंसं वाटलं होतं. ट्रकवरचे सोबती त्याला 'नर्सबाई' म्हणून हाक मारायचे, आणि तो ओ द्यायचा.

निघताना तो म्हणाला, "एक विचारू? दवाखान्यात तुम्ही तिघांना पुढे जाऊ दिलंत. का?"

"त्यांना घाई होती."

"तुम्हाला नव्हती?"

यावर तिने नुसती बाही खाली ओढली. घरी जाताना गाडीतही उत्तर सुचलं नाही, पण त्याचा नंबर घेतलेला होता, एवढं बरं.

बुधवारी तिने निरोप धाडला: 'खाजवू नका.' उत्तर आलं: 'तुम्ही आठवण करून दिलीत, आता खाजतंय.' ती भांडी घासता घासता एकटीच हसत राहिली. टिल्डाने पेन शोधून आपल्या बाहुलीच्या हातावरही वर्तुळ काढून ठेवलं.

आणि बुधवारी रात्रीपासून गावाशेजारच्या मोठ्या सरोवरावरून वारा सुटला. गुरुवारी खिडकीबाहेर फक्त पांढरं होतं. रस्ते बंद, दवाखाना बंद. आयलीचं घर गावापासून वीस मैलांवर. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बाही वर करून बसली होती. हात अगदी सपाट, स्वच्छ; तिचं तिला दिसत होतं काही उठलेलं नाही. पण तिने बघून काय उपयोग? चार वर्षं पैसा पैसा साठवून, झोप मोडून केलेली तयारी, आणि सगळं या एवढ्याशा वर्तुळावर येऊन अडकलेलं.

फोन वाजला. मागे इंजिनाची घरघर.

"उद्या दवाखाना उघडतोय, सकाळी साडेसातला तुझ्या घरावरून जातोय," ऑरिन म्हणाला. "माझी फेरी तुमच्याच रस्त्याने सुरू होते. माझ्या मागोमाग ये. पिवळा दिवा दिसत राहील इतपत अंतर ठेव, फार जवळ येऊ नकोस."

तो 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं असावं.

"आणि तुझा हात?" तिनेही मग धीर केला.

"जमेल."

शुक्रवारी टिल्डाला घरीच आपल्या आईकडे सोपवून ती निघाली. पुढे त्याचा ट्रक, पुढच्या फाळाने दोन्ही बाजूंना उडणारा बर्फ, आणि त्या धुरळ्यात लुकलुकणारा एक पिवळा दिवा. बाकी जगात काही उरलंच नव्हतं. वीस मैल कापायला दोन तास लागले. ती दोन तास त्या दिव्याकडे बघत होती, आणि कुणीतरी आपल्यासाठी वाट करत पुढे चाललंय, ही गोष्ट तिला इतकी नवी होती की मधेच डोळे पुसावे लागले.

दवाखान्यापाशी पोचली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. बर्निसबाईंनी तिच्या हातावरून बोट फिरवलं, मोजपट्टी लावली, कागदावर शून्य लिहिलं. आयलीने खिडकीतून पाहिलं. ट्रक रस्त्यातच उभा, इंजिन चालू. ऑरिन खाली उतरलेला नव्हता.

ती धावत बाहेर गेली. त्याने काच खाली केली.

"ट्रक रस्त्यात सोडून उतरता येत नाही," तो म्हणाला. "नियम आहे. फेरी एकला संपते. तू जा, कागद दे."

"तू म्हणालास जमेल."

"तुझं जमेल म्हणालो होतो. माझं पुढच्या वर्षी बघू. गाई कुठे पळून चालल्यात?"

आयलीने घड्याळ पाहिलं. दहाला अकरा मिनिटं कमी. ती आत आली. बाकावर चार माणसं, सगळी आपल्या पाळीची वाट बघत बसलेली, सगळ्यांना घाई. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"बर्निसबाई, बूट घाला."

"काय?"

"बाहेर एक हात आहे. तो आत येऊ शकत नाही, तर तुम्ही बाहेर चला. ज्या रस्त्याने आज तुम्ही सगळे इथवर आलात, तो त्यानेच मोकळा केलाय." मग बाकाकडे वळून ती म्हणाली, "माफ करा, पण आज मला घाई आहे."

चौथ्या क्रमांकावरच्या आजींनी स्वतः उठून बर्निसबाईंचा कोट आणून दिला.

मग त्या बर्फात, गुडघाभर बुटांत, बर्निसबाई ट्रकच्या पायरीवर चढल्या. "हात बाहेर काढ. नाक आत ठेव." त्यांनी बोट फिरवलं, मोजपट्टी लावली, नाक मुरडलं. "शून्य. वर्तुळ मात्र बटाट्यासारखं आलंय. नऊ चोपन्न."

आयलीने दोन्ही कागद छातीशी धरले. ऑरिन तिच्याकडे बघत होता, आणि आता तिने त्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. राखाडी होते. सरोवरासारखे, बर्फ फुटायच्या दिवसांतल्या.

"आता उत्तर सुचलं," ती म्हणाली. "मंगळवारच्या प्रश्नाचं. मलाही घाई होती."

कागद पावणेअकराला जमा झाले.

एप्रिलमध्ये कॉलेजची पत्रं आली. आयलीला जागा मिळाली होती. ऑरिन प्रतीक्षायादीत पहिला. तिचा आनंद अर्धा झाला, तर तोच केचपची बाटली घेऊन दारात हजर. पेस्टीवर त्याने स्वतःच्या हाताने केचप ओतलं, खाल्लं, तोंड वाकडं केलं, पण संपवलं. दरवर्षी एखाददुसरा गळतोच, तो म्हणाला, आणि खरंच ऑगस्टात एक मुलगी दुसऱ्या गावी गेली आणि तिची खुर्ची त्याला मिळाली.

पण ते पुढचं. एप्रिलच्या त्या संध्याकाळी टिल्डा झोपल्यावर आयलीने टेबलावरचं पेन उचललं, त्याची बाही वर सारली आणि सावकाश एक वर्तुळ काढलं. अगदी गोल. या वेळी तो हलला नाही.

"मला तू आवडतोस," ती वर्तुळाकडे बघत म्हणाली. "उत्तराला बहात्तर तास आहेत. एक मिनिट वर गेलं की पुन्हा पहिल्यापासून."

"आणि अठ्ठेचाळीसच्या आधी बघायचं नाही?"

"नियम आहे."

ऑरिनने हात तिच्यापुढे टेबलावर तसाच ठेवला. "तू अजून नर्स कुठे झालीस? आत्ताच बघ."

तिने डोळे मिटून बर्निसबाईंसारखं बोट फिरवलं, मनगटापासून कोपरापर्यंत, हळू... खालून एक नाडी भलतीच धावत होती.

"शून्य?" त्याने विचारलं.

"नाही रे," आयली म्हणाली. "चांगलंच उठलंय."