खालचा सूर ताईचा

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरं घडलंय. माझ्या मामाच्या घरी, नाशिक रोडला, गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी. तेही भर दुपारी.

मामेबहीण हर्षालीला शाळेत संगीतशिक्षिकेची नोकरी मिळत होती. अट एकच, पियानोची परीक्षा पास हवी. परीक्षा व्हिडिओवर. एका दमात वाजवायचं, कापाकापी नाही, दोन्ही हात दिसले पाहिजेत.

रचना जेमतेम दोन मिनिटांची, नव्या धाटणीची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वरांतर... पंचम. खाली एक सूर, वर त्याचा पाचवा. दोन्ही एकदम.

सोपं वाटतं ना? घोळ तिथेच होता.

घरात पियानो एक आणि शिकणाऱ्या बहिणी दोन. म्हणून दोघी एकाच बाकावर बसायच्या. खालचे सूर भाग्यश्रीताईचे, वरचे हर्षालीचे. बारा वर्षं हेच लाड चालले. हर्षालीचा डावा हात कच्चाच राहिला.

आणि दिवाळीआधी ताई तापाने गेली.

त्या रविवारी हर्षाली फोन सुरू करून वाजवायला बसली. निम्म्यावर डावा हात अडला. तिने तो मांडीवर घेतला. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

पण खालचा सूर वाजला...

पुन्हा वाजला.

डावीकडच्या पट्ट्या आपोआप दबत होत्या. हर्षाली उठून पळणारच होती. पण मुदत त्याच दिवशी संपत होती. तिने तसंच वाजवलं आणि तसंच पाठवलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. ‘दुसऱ्या व्यक्तीची मदत घेतलेली दिसते. शेवटची संधी, उद्यापर्यंत.’

"तिला ऊठ म्हणावं," ललितामामी म्हणाली. "तुझ्या पोटापाण्याचा प्रश्न हे. तिला कळंल."

"आई, तूच सांग ना."

"माझ्या तोंडून निघंल का गं ते?"

शेवटी हर्षालीच बाकाकडे बघून म्हणाली, "ताई, आज मला एकटीला वाजवू दे. ऊठ ना."

बाक करकरला...

या वेळी दोन्ही हात चालले. एकही चूक नाही. मायलेकी गळ्यात पडून रडल्या.

मग त्यांनी व्हिडिओ पाहिला.

फोन कपाटाला टेकवून ठेवलेला होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तरी चित्र हलत होतं...

आधी हात दिसले. मग चित्र हळूहळू वर सरकलं, जवळ आलं आणि हर्षालीच्या चेहऱ्यावर थांबलं. ते शेवटपर्यंत तिथेच राहिलं, हात पुन्हा दिसलेच नाहीत.

"परत वाजव. अजून वेळ हे," मामी म्हणाली.

"आता तिला अजून कुठे हाकलू, आई?"

हर्षालीने काहीच पाठवलं नाही. नोकरी हातची गेली.

तो व्हिडिओ मी पाहिलाय. शेवटी चित्र थरथरतं... रडताना फोन धरावा तसं.

मामीकडे मी हल्ली फार वेळ टेकत नाही.