दोन टप्प्यांचं दार

फुमिएच्या धाकट्या चुलतभावाचं लग्न झालं, ते साल १९७३. तेलाचे भाव भडकले होते, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. त्या लग्नात पाहुण्यांच्या पेल्यांत साके ओतता ओतता फुमिए मटकन खाली बसली. तिला उचलून सुवा तळ्यापलीकडच्या इस्पितळात नेलं. तळं गोठलं, नवं वर्ष आलं, तरी ती घरी आली नाही.

तिचा नवरा शिगेओ उशियामा टेपरेकॉर्डरच्या कारखान्यात यंत्रांचे भाग आखायचा. तो घरजावई. आडनावसुद्धा बायकोकडचं. घर म्हणजे एके काळची खानावळ आणि धर्मशाळा; सासरे गेल्यावर ती बंद पडली. आता तिथं तो आणि सासूबाई तोमी, एवढेच उरले होते. फुमिए आजारी पडल्यापासून शिगेओला काही वाटेनासं झालं होतं. गार सूप तो गारच पिऊन टाकी. हात मात्र कामात चुकत नव्हते.

काम होतं कॅसेटच्या दाराचं. बटण दाबलं की आतल्या स्प्रिंगनं दार फटकन उघडायचं.

"अहो उशियामा, हे दार आहे का उंदराचा सापळा?" वरिष्ठ नागासावा सगळ्यांसमोर म्हणाला. "गिऱ्हाईक हौसेनं घेणार, आणि हे त्याच्या अंगावर थुंकणार!"

"स्प्रिंग हलकी केली तर दार अर्ध्यात अडकतं."

"ते मला नका सांगू. दार कसं अदबीनं उघडलं पाहिजे. तुम्ही खानावळवाल्यांचे जावई ना? मग अदब काय मी शिकवू?"

शिगेओनं दाराच्या बिजागरीला एक बारीक दातेरी चाक जोडलं. चाकाला एक चकती, आणि ती चकती घट्ट ग्रीसच्या डबीत. स्प्रिंग ढकलणार, ग्रीस अडवणार. हिशेबानं दार संथपणे, एका लयीत उघडायला हवं होतं.

बटण दाबलं. दार बोटभर उघडलं. थांबलं. मग उरलेलं उघडलं, आणि शेवटी किंचित हिसका बसला.

त्यानं ग्रीस बदललं. चाकाचे दात भिंगाखाली पाहिले. स्प्रिंग नवी घातली. दार पुन्हा तसंच उघडलं. त्याच मापाचे दुसरे दोन नमुने केले, तर ते एका दमात उघडत होते. थांबायचा हा एकटाच.

नागासावा मात्र खूश झाला. "हेच! हेच पाहिजे! हे कसं साधलंत?"

"साधलेलं नाही," शिगेओ म्हणाला.

रॉकेल वाचवायला कारखाना दुपारीच बंद होई. तो नमुना घरी घेऊन आला. रजई पांघरलेल्या बुटक्या टेबलाखाली शेगडी होती. त्यात पाय घालून तोमीबाई मुळा चिरत बसल्या होत्या. त्यानं बटण दाबलं. त्यांची सुरी थांबली.

"परत दाब."

त्यानं दाबलं.

"अगं बाई. याला कुणी शिकवलं हे?"

"काय, आई?"

"गुडघ्यावर बसायचं. सरकतं दार बोटभर उघडायचं, थांबायचं. आतून 'ये' म्हटलं की मगच पुरतं उघडायचं. आत गेल्यावर तसंच दोन टप्प्यांत लावून घ्यायचं. मी खानावळीतल्या पोरींना मारून मारून शिकवलंय. आणि तो शेवटचा हिसका आमच्या कार्टीचा. लहानपणी अंगठा दारात चेमटला तेव्हापासूनचा. किती ओरडले, गेला नाही."

शिगेओनं दार मिटलं. तोमीबाईंनी पुन्हा मुळा चिरायला घेतला, पण बारीक चिरायचा तो जाड चिरला.

रविवारी तो इस्पितळात गेला. फुमिएचे हात चादरीवर ठेवलेल्या वस्तूंसारखे पडले होते. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं दाराची हकीकत सांगितली. तिनं डोळे उघडले.

"अहो, तुम्ही कधी 'ये' म्हणालाच नाहीत."

"कधी?"

"चहा घेऊन यायची तेव्हा. मी आपली दाराशी बसून वाट बघायची. तुमचं डोकं कागदात. मग माझी मीच यायची, निलाजऱ्यासारखी." ती हसली. ओठ कोरडे होते. "आता नाही बाई यायची. आता म्हणाल तेव्हाच."

"बरी हो आधी."

"तेच तर. इथं फार गार आहे हो. पाय आखडलेत बसून बसून."

ती पाठीवर निजलेली होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा नमुन्याचं दार बोटभर उघडं होतं. बटणाला कुणी हात लावला नव्हता. फटीतून भाजक्या चहाचा वास येत होता. तो समोर बसून राहिला. दार पुढं उघडेना.

'ये' म्हटलं तर ती येईल, हे त्याला कळलं. आणि ती इथं आली तर तिथं उरणार नाही, हेही कळलं. त्यानं तोंड मिटून घेतलं.

सोमवारी सुट्टी होती. सकाळी पाहिलं, फट तशीच. त्यानं बोटानं दार मिटवलं. मिटताना आतून किंचित विरोध झाला, मग तो सुटला. पलीकडच्या कुणी हात काढून घ्यावा तसा. खटका लागला. लगेच पुन्हा सुटला.

त्यानं पुन्हा मिटवलं. पुन्हा फट.

मग त्यानं खण उघडला. हाताला आला तो पांढरा कागद घेतला, पट्टी कापली, खळ लावली आणि दारावर आडवी चिकटवली. नमुना उचलून देवांच्या फळीखाली ठेवला. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं.

तोमीबाई भात घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग हा कागद कशाला लावलास?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. घरात कुणी वारलं की देवांच्या फळीवर पांढरा कागद लावतात, सुतक देवांना लागू नये म्हणून. सासरे गेले तेव्हा त्यानंच लावला होता, याच खणातला. माणूस गेल्यावर लावतात. आधी कुणी लावत नाही.

"काढ तो," तोमीबाई म्हणाल्या. "शिगेओ, काढ आधी!"

त्यानं हात पुढं केला.

जिन्याखालचा फोन वाजू लागला.

दोघंही जागचे हलले नाहीत.

कारखान्यानं ते यंत्र बाजारात आणलं, एका दमात उघडणाऱ्या दाराचं. चांगलं खपलं म्हणे. मार्चअखेर तळ्यातलं बर्फ गेलं. रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी सुतक फिटलं. तोमीबाईंनी देवांच्या फळीवरचा कागद काढला आणि त्या मागीलदारी गेल्या. शिगेओनं नमुन्यावरचा कागद सोलला.

दार उघडलं नाही.

बटण दाबलं. खटका सुटल्याचा आवाज आला. दार मिटलेलंच.

तो दारासमोर नीट मांडी घालून बसला.

"ये," तो म्हणाला.

दार बोटभर उघडलं. थांबलं. मग पुरतं उघडलं. शेवटी हिसका बसला.

आत काही नव्हतं.

मग दार मिटू लागलं. त्याला उघडायला स्प्रिंग होती. मिटवील असा एकही भाग त्यानं त्यात घातला नव्हता. ते बोटभर फट राहीपर्यंत आलं, थांबलं, मग हळूच पुरतं लागलं.

त्याच्या शेजारची चटई किंचित दबली.

फुमिए उशियामा ११ फेब्रुवारी १९७४ रोजी, सोमवारी सकाळी, तळ्यापलीकडच्या इस्पितळात वारली.