साइडकारचं वजन

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो, रात्रीचे बारा लागतात. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. ही गोष्ट भरदुपारची आहे. मंगळवार, चार वाजून काही मिनिटं. ऊन असं लख्ख, की दोरीवरचे कपडे तासाभरात वाळले होते.

आणि ती खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मोठा भाऊ. दादा थापा मारत नाही असं नाही, पण त्या सगळ्या "गाडी उद्या नक्की देतो" याच जातीच्या. त्यापलीकडे त्याची मजल नाही.

आमच्या घराच्या तळमजल्यावर त्याचं वर्कशॉप. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायच्या, त्यांना नवं सामान बसवायचं, पण गाडीचं मूळ रूप हलू द्यायचं नाही, हे त्याचं काम. त्यात त्याचा एक हट्ट होता. काहीही बदला, पण उद्या नट उघडला तर जुना भाग परत जागेवर बसला पाहिजे. चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, कापायचा ग्राइंडर लावायचा नाही.

"नवे कपडे घाला हो, हाड कशाला मोडता?" असं गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

त्या महिन्यात तो वर्कशॉप कायमचं बंद करणार होता. दुसऱ्या शहरात, गाड्यांच्या मोठ्या कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची गुंडी आधीच तिकडे गेल्या होत्या, शाळा बुडायला नको म्हणून. एकच गाडी उरली होती. ती दिली की दादाही जाणार. शनिवारच्या बसचं तिकीटसुद्धा काढलं होतं.

ती गाडी शिंपीकाकांची.

काळीभोर, एका सिलिंडरची, टाकीवर सोनेरी रेघ. आणि डाव्या अंगाला साइडकार. म्हणजे एका चाकाचा, एका माणसाला बसायचा पत्र्याचा डबा. काकूंच्या पायांतली ताकद तरुणपणीच गेली होती. त्यांच्यासाठी काकांनी तो डबा बसवून घेतला. सव्वीस वर्षं, रोज दुपारी चारला, काका शिवणाचं मशीन थांबवायचे आणि काकूंना चक्कर मारून आणायचे. आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. काकू जाऊन वर्ष झालं होतं.

"हा डबा काढून टाक," काका म्हणाले. "गाडी एकट्याची कर. ब्रेक चांगला बसव. बटणावर सुरू होऊ दे, माझ्या गुडघ्यांत किक मारायचा जोर नाही राहिला. पण आवाज तोच पाहिजे. रेघ तीच पाहिजे."

"काका, डबा ही तर हिची शान आहे. राहू दे की. काकूंची आठवण..."

"काढ म्हटलं ना!"

काका एवढे ओरडले की दादाच्या हातातला पाना पडला. मग इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "आणि चारच्या आत काम आटपत जा."

म्हातारा चळला, असं दादाला वाटलं. असं कुणालाही वाटलं असतं.

काम मात्र त्याने झकास केलं. पुढे डिस्कब्रेक. किक तशीच ठेवून शेजारी बटण. हेडलाइटचं जुनं भांडं ठेवून आत नवा दिवा. सायलेन्सरला हात लावला नाही. साइडकारचे तीन सांधे नटांचे होते, ते सुटले. चौथा काकांनी कधीकाळी चेसीलाच वेल्ड करून घेतला होता. तो ठेवला तर नडगीला लागणार. काढायचा तर कापायला हवा. दादाने शनिवार डोळ्यांपुढे आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा चेसीला ग्राइंडर लावला.

डबा कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेला.

मंगळवारी दुपारी तो गाडी स्टँडवरून काढून दाराकडे नेत होता, तेवढ्यात फोन वाजला. गुंडी होती.

"बाबा, किती दिवस राहिले?"

"चारच गं राणी."

लेकीचा फोन म्हणजे दादा जग विसरतो. दहा मिनिटं बोलला. फोन कानाशी खांद्याने दाबून, दोन्ही हात हलवत, वर्कशॉपभर फिरत बोलला. फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं...

गाडी स्टँडवर नव्हती.

दोन चाकांवर, ताठ उभी होती. कशालाच टेकली नव्हती.

तो बघतच राहिला. पंखा बंद. रस्त्यावरची वर्दळसुद्धा त्या घटकेला थांबल्यासारखी. आणि कोपऱ्यातून, ताडपत्रीखालून आवाज आला...

टक्.

पत्र्यावर अंगठी वाजवावी तसा. एकदाच.

मी असते तर ठोकली असती धूम. पण मेकॅनिकच्या डोक्यात काय भरलेलं असतं कुणास ठाऊक! चाक फरशीच्या फटीत अडकलं असेल, असं म्हणून हे महाशय ट्रायल घ्यायला गाडीवर बसले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

बटण दाबायच्या आधीच गाडी सुरू झाली.

गल्लीच्या तोंडापर्यंत सगळं ठीक होतं. वेग दिला तशी गाडी डावीकडे ओढू लागली. ब्रेक दाबला की उजवीकडे. दादाला घाम फुटला, कारण हे त्याला ओळखीचं होतं. साइडकार जोडलेली गाडी अशीच वागते. डावीकडचं वजन तिला मागे खेचत असतं.

डावीकडे तर काहीच नव्हतं.

पहिल्या वळणावर त्याने गाडी कलती करायचा प्रयत्न केला. ती कलेना. पाय टेकवावा म्हणून डावा पाय खाली सोडला...

बूट पत्र्यावर आपटला. खणकन!

खाली बघितलं, तर नुसता रस्ता.

किल्ली फिरवली. इंजिन चालूच. क्लच दाबला. काही नाही. नवाकोरा डिस्कब्रेक दाबून दाबून बोटं दुखली, गाडी जरा मंदावायची आणि पुन्हा आपल्या चालीने निघायची. रस्ता तीच ठरवत होती. कालव्याकाठाने, गोदामांच्या मागून, पाण्याच्या टाकीकडे. समोरून ओळखीचा दूधवाला आला. दादा जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे थांबव रे!" दूधवाल्याने हात हलवला आणि हसून निघून गेला. त्याला दिसला तो मजेत गाडी चालवणारा दादा.

टाकीपाशी गाडी आपोआप थांबली.

इंजिन बंद झालं आणि त्याबरोबर सगळंच बंद झालं. पक्षी नाहीत. वारा नाही. टाकीतून सतत ठिबकणारं पाणीसुद्धा नाही. दादाला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता.

त्याने उजवीकडून उतरायचं ठरवलं. डावा पाय उचलून सीटवरून आणायचा, की झाली सुटका. त्याने पाय उचलला...

आणि त्याच्या डाव्या दंडावर हात पडला.

पकड घट्ट नव्हती. झटकला असता तर सुटला असता, हे तो आजही सांगतो. पण ज्याला स्वतःला उठता येत नाही, अशा माणसाचा तो हात होता. आपण सरकलो तर हे माणूस पडेल, असा. दादा जागचा हलू शकला नाही. अकरा मिनिटं तो तिथे बसून होता. डावीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

मग टक्. गाडी निघाली.

शिंपीकाकांच्या घरापुढे टक् टक् झालं आणि ती थांबली. दंडावरचा भार उतरला. दादा उडी मारून दाराशी धावला.

"काका! दार उघडा! ही गाडी तुमची तुम्हाला लखलाभ!"

आतून कडी सरकली. उघडायला नव्हे, लावायला.

"सव्वीस वर्षं नेलं मी तिला," दाराआडून काका बोलले. ते रडत होते. "गेल्यावरसुद्धा वर्षभर नेलं. मला वाटलं, डबा गेला की तीही जाईल. माझ्याने आता होत नाही रे पोरा. मला माफ कर."

दादाने गाडी तिथेच सोडली, किल्ली खिडकीतून आत भिरकावली आणि चालत घरी आला. बुधवारी काकांच्या दाराला कुलूप होतं. कुठे गेले, कुणालाच माहीत नाही. गाडी आमच्या वर्कशॉपच्या दारात उभी होती. सीटवर किल्ली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार दादा चारच्या ठोक्याला तिला घेऊन गेला. का गेलास विचारलं तर म्हणतो, "दंड भरून यायचा गं. चक्कर मारली की उतरायचं." शनिवारी मात्र त्याने दात ओठ खाऊन बस पकडली. तीन वाजता सुटली. खिडकीची जागा रिकामी होती, तिच्या उजव्या हाताला दादा. चार वाजले. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली. एक माणूस पिशवी सावरत आला, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाला...

"बसा बसा, काकू. मी उभा राहतो."

कंडक्टर आला. "तुमचं झालं. यांचं तिकीट?"

दंडावर भार होताच.

दादा म्हणतो, त्या क्षणी त्याला स्वतःची भीती वाटली नाही. ही बस कुठे चाललीय ते आठवलं. थांब्यावर गुंडी उभी असणार होती. ती धावत येऊन नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला लोंबकळणार होती. तो तिथल्या तिथे उतरला, परतीची बस धरली, आणि अंधार पडायच्या आत गाडी काढून चक्कर मारली. तेव्हा कुठे हात हलका झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कापलेला सांधा पुन्हा वेल्ड केला आणि डबा जागेवर बसवला. निदान म्हातारीला नीट बसता तरी येईल, म्हणाला. त्यावर तिचं समाधान होईल असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! चार वाजले आणि... टक्.

नोकरी गेली. चार महिने गेले. वहिनीला आणि मला रोज नवी सबब. शेवटी तिने मला फोन केला. "तुझ्या भावाचं दुसरीकडे काही आहे का ते एकदाच सांग. गुंडीने त्याच्याबद्दल विचारणं सोडलंय."

मी दादाला फैलावर घेतलं, तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. मी नर्स आहे. मी आधी त्याचा ताप बघितला, मग बीपी, मग हसले.

"हसतेस काय, बेबे? मी कुजतोय इथे."

"उद्या दुपारच्या बसने जा. चक्कर मी मारते."

"वेड लागलंय का तुला? अजिबात नाही!"

"अरे, रिकामा डबा घेऊन फिरायचं ना? पेशंट घेऊन चार मजले जिने चढले आहे मी. दोन दिवस जा, लेकीला भेट, ये. नाही गेलास तर वहिनीला मीच सगळं सांगते."

तो गेला. सव्वापाचला त्याचा फोन आला. माझा चाळिशीचा भाऊ लहान मुलासारखा रडत होता.

"हात आला नाही गं! माझ्या शेजारी एक जाडा माणूस बसला, आख्खा रस्ता घोरत होता! तुझ्याकडे काय झालं? खरं सांग."

"काही नाही," मी म्हणाले. "लोक हसले तेवढे. गेली ती, दादा. संपलं. आता तिकडेच राहा."

मी खोटं बोलले.

टाकीपाशी इंजिन बंद झालं होतं. पाणी ठिबकायचं थांबलं होतं. आधी बोटं टेकली, मग तळवा, मग सगळा भार. असे हात मी वीस वर्षं धरत आले आहे. ज्यांना उठता येत नाही त्यांची पकड मला झोपेतही ओळखू येईल. पण माझे पेशंट गरम असतात हो. हा हात गरम नव्हता.

याला आज सत्तेचाळीस दिवस झाले. मी कायमची सकाळची ड्यूटी मागून घेतली आहे. दादाला तिकडे दुसरीकडे काम मिळालं. गुंडी त्याला सोडत नाही, वहिनीच्या आवाजात हसू आलंय. ते ऐकलं की मला बरं वाटतं. आणि फोन ठेवला की भीती वाटते, खूप भीती वाटते. कारण दादाला टाकीपाशी अकरा मिनिटं लागायची. काल मी घड्याळ लावून बघितलं. चाळीस झाली होती. आणि घरी आल्यावर भार लगेच उतरत नाही. परवा जेवताना होता. काल झोपेपर्यंत होता.

सकाळी गुंडीचा फोन होता. "आत्या, तू कधी येतेस आमच्याकडे?"

"बघू गं. सुट्टी मिळायला हवी."

दादाला असल्या गोष्टी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून इथे लिहायचा धीर झाला. चुकून वाचलंसच तर ऐक, दादा. मी रागावलेली नाही. इकडे यायचं नाही, समजलं? पावणेचार झालेत. मी गाडी बाहेर काढते.