स्वमूल्यांक एकतीस

संगणकशास्त्र विभागात स्वमूल्यमापक नावाचं एक हेल्मेट होतं. प्रवेशाच्या दिवशी ते प्रत्येकाच्या डोक्यावर तीन मिनिटं बसवायचे. मूल स्वतःला किती लायक समजतं, त्याचा शंभरपैकी आकडा दुसऱ्या दिवशी यादीत लागायचा.

"प्रोग्रॅम लिहिताना मूल पन्नास वेळा चुकतं," यंत्राच्या कर्त्या डॉ. विभावरी खांडके पाहुण्यांना सांगत. "एक्कावन्नाव्यांदा बसायचं की उठून जायचं, हे अक्कल ठरवत नाही. स्वमूल्य ठरवतं."

कोण टिकेल आणि कोण गळेल, हे यंत्राचं भाकीत शंभरात सत्त्याण्णव वेळा खरं ठरे. मग शंका कोण घेणार?

केतकी डोईफोडे हजेरीत सतरावी. बारावीला तालुक्यात पहिली आलेली. पण यंत्रापुढे तालुक्याला कोण विचारतो! तिचा आकडा लागला एकतीस. दोन वर्षं ती मागच्या बाकावर बसली. चार विषय राहिले. आज ती विभाग सोडण्याचा अर्ज घेऊन खांडके मॅडमपुढे उभी होती. अर्जाला एक कागद टाचलेला होता.

"हे काय गं?"

"काही नाही, मॅडम. यंत्राच्या जुन्या नोंदी सहज चाळल्या. मुलं साठ आणि आकडे एकसष्ट. पहिला आकडा चाचणीचा असेल, पुसायचा राहिला असेल... माझंच काहीतरी चुकत असेल."

मॅडमनी नोंदी उघडल्या आणि पहिल्यापासून मोजल्या. पहिला आकडा त्यांचा स्वतःचाच होता, यंत्र तपासताना घेतलेला. त्यामुळे अख्खा वर्ग एकेक घर सरकला होता. प्रत्येकाला आधीच्याचा आकडा लागला होता. एकतीस हा सोळाव्या मुलाचा. त्याला पंधराव्याचे नव्वद मिळाले आणि तो आज वर्गात पहिला होता. भाकितं तरीही खरी ठरली होती.

"केतकी, अगं, तुझे अठ्ठ्याऐंशी होते! ही चूक मलासुद्धा सापडली नाही, तुला सापडली. घे तो अर्ज परत."

चूक सापडली तरी केतकीचा चेहरा उजळला नाही.

"तो आकडा माझा नसेल, मॅडम. पुन्हा मोजा ना."

मॅडमनी यादी दुरुस्त केली, हेल्मेट तिच्या डोक्यावर नीट बसवलं. तीन मिनिटांनी आकडा आला.

एकतीस.

"बघा, मी म्हणत होते ना," केतकी म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं. तिने टाचलेला कागद काढून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नुसता अर्ज सहीसाठी पुढे सरकवला.